बोलता जोडा

आबांना ऐकू येत नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्यांनी स्वतः ते जन्मात कुणाला सांगितलं नाही, आणि धुळ्याच्या ज्या गल्लीत मी चार वर्षं काढली तिनेही कधी तोंडातून काढलं नाही. एक चूक सोडली तर तिथे होतो तोवर मीही गप्प होतो. आता आबा नाहीत, मी जळगावला मेहरूण भागातल्या घरी पेन्शन खात बसलोय, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आता बाहेर यायला बघते आहे.

बहिरा माणूस जोडे शिवतो यात नवल काही नाही. जोडे हातांनी शिवतात. पण आबा नुसते जोडे शिवत नव्हते, बोलते जोडे शिवत होते. म्हणजे चालताना कर्र कर्र वाजणारे. तळाच्या दोन चामड्यांच्या मधे ते कसलंसं वाळकं बी अशा बेताने बसवत, की पाऊल पडलं की चामडं त्याच्यावर घासून आवाज करी. त्या बीला ते ‘जीभ’ म्हणत. बी कुठल्या झाडाचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी एकदा फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले, चिंचेचं. मी घरी जाऊन दोन चामड्याच्या तुकड्यांत चिंचोका घालून अर्धा तास दाबत बसलो. तो काही बोलला नाही.

वाजणाऱ्या वहाणा हव्यात कुणाला, असं आज वाटेल. तेव्हा हव्या होत्या. खेड्यातल्या सासऱ्यांना हव्या असत, म्हणजे ओसरीवर पाय पडला की आत सुनांना कळे आणि पदर सावरायला, हसणं आवरायला त्यांना वेळ मिळे. एका हेडमास्तरांना हव्या असत, म्हणजे ते पोहोचायच्या आत वर्ग आपोआप शांत होई आणि रागवायचे कष्ट वाचत. आबांचं या बाबतीत ठाम मत होतं. “माणूसनी सांगीसन यावं,” ते म्हणत. “गुपचूप कोन येस? मांजर, चोर, नहीतं साहेब.”

जोडा दुकानाबाहेर जायचा तो आबांनी “बोलना”, म्हणजे बोलला, असा निकाल दिल्यावरच. त्याआधी गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं की छान वाजतोय, तरी उपयोग नसे. आबांचा कान पक्का, ही ख्याती सगळीकडे होती. पार नशिराबाद, पहूरकडून लोक एस.टी.ने येत. हाच कान गेलेला आहे, असं एकदा कुणी उघड बोललं असतं, तर दुकान त्याच दिवशी आटोपलं असतं. आणि दुकान आटोपल्यावर आबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही. त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं, देवाचं फारसं वेड नव्हतं. होता तो हा निकाल देण्याचा मान.

निकालाची रीत अशी. दुकानापुढून उघडं गटार वाहत होतं आणि त्यावर सागाची एक लांब फळी टाकलेली होती. गिऱ्हाइकाने नवा जोडा घालून त्या फळीवरून सात वेळा यायचं आणि सात वेळा जायचं. मग तो तालुक्याचा पुढारी असो की हमाल. आबा फळीच्या टोकाशी उकिडवे बसत, तळहात फळीवर टेकवत आणि डोळे मिटत. लोकांना वाटे, ध्यान लागलंय. सातव्या फेरीनंतर डोळे उघडून ते निकाल सांगत. उजवा बोबडा शे. डावा खोकस. हा जोडा चुगली करस, याले पुन्हा उसवनं पडी. निकाल कधी चुकत नसे. चुकणार कसा? जे आपण कानाने ऐकत होतो ते आबा तळहाताने ऐकत होते, आणि तळहाताला गल्लीतल्या भांडणांचा, कोंबड्यांचा, रविवार सकाळच्या टीव्हीचा त्रास नव्हता.

हे सगळं मला कळलं नंतर. आधी मला कळलं ते एवढंच, की हा म्हातारा चक्रम आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून धुळ्याला आलो आणि आबांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. वय सव्वीस, अंगावर टेरिकॉट, आणि ओठांवरून थेट हनुवटीकडे उतरणाऱ्या मिशा, ज्यांवर माझा फार जीव होता. दुसऱ्याच दिवशी आबांकडे गेलो आणि जोडा हवा म्हणून सांगितलं. आबांनी माझ्या पायांकडे पाहिलंच नाही. तोंडाकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाले, “मिशी काढ, मंग ये.”

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. आबा हसले नाहीत. मिशीवाला माणूस खोटा ऱ्हास, म्हणजे खोटाच असतो, एवढं बोलून ते आरी घेऊन पुन्हा चामड्याकडे वळले. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून दोनदा, तीनदा विचारलं की माप पायाचं घेता की तोंडाचं. उत्तर नाही. माझं डोकं फिरलं. तेव्हा माझं डोकं फिरायला फार काही लागत नसे. मी दात-ओठ खाऊन, पण हळूच, त्यांच्या पाठीला एक शिवी दिली. मान तसूभर हलली नाही. मग मी आणखी एक दिली. तिसरी जरा मोठ्याने दिली, आणि त्या वेळी माझ्या लक्षात आलं की आपल्या हाती मोठी गंमत लागली आहे.

समोर भजी तळणारी अक्का हे सगळं पाहत होती. अक्का म्हणजे गल्लीची फौजदार, फक्त वर्दीच्या जागी नऊवारी. तिने झारा खाली ठेवला, रस्ता ओलांडून आली आणि माझ्या शर्टाची बाही धरून मला बाजूला नेलं.

“मांगे उभा राहीसन काय बोलस?” ती म्हणाली. “समोर ये, तोंड दखाड, मंग बोल. त्यासनं बठ्ठं ध्यान काममा ऱ्हास.”

मी शहाणपणा दाखवत म्हणालो, म्हणजे ते बहिरे आहेत. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की कढईतलं तेल बरं. मग तेच वाक्य तिने पुन्हा एकदा, सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं. त्यांचं सगळं ध्यान कामात असतं. नंतर तीन दिवस तिने मला भजी दिली नाहीत. दिसत असूनही संपली म्हणाली.

खोलीवर जाऊन मी आरशासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने बोलून पाहिलं. माझ्या मिशांखाली ओठ हलतात की नाही, ते मलासुद्धा नीट दिसेना. मग कुठे प्रकाश पडला. आबा माणसांचे ओठ वाचत होते, आणि मी दोन ओठांवर पडदा टाकून त्यांच्याकडे गेलो होतो. मला आपल्या शिव्यांची लाज वाटली. ती लाज अजून वाटते. दुसऱ्या दिवशी मिशा काढल्या. कचेरीत लोकांनी विचारलं, घरी कुणी गेलं का. आबांनी मात्र माझ्या तोंडाकडे पाहून समाधानाने मान डोलावली आणि पहिल्यांदा पायांकडे पाहिलं. म्हणाले, पाय बरा शे, चालनारा येडा शे.

गल्लीने आबांसाठी न बोलता काही नियम पाळले होते. त्यांच्याशी आवाज चढवायचा नाही, हा पहिला. ओरडणं म्हणजे बहिरा म्हणणं. हळू बोलायचं, समोरून बोलायचं, तोंडात पान असेल तर आधी थुंकायचं. हाक मारायची असेल तर फळीवर पाय आपटायचा. अक्काची पद्धत वेगळी होती. ती आपल्या जागेवरून शेंगदाणा नेम धरून फळीवर मारी, आणि आबा लगेच मान वर करत.

एवढं करूनही घोटाळे होतच. एकदा एक गृहस्थ अंधारून आलेल्या दुपारी आबांकडे आले आणि सल्ला विचारू लागले. मुलीला स्थळ आलंय, मुलगा दिसायला चांगला आहे, द्यावी का? आबांना त्या उजेडात ओठ दिसले नसावेत. त्यांना वाटलं, हा बाजारातून आणलेल्या चामड्याचं विचारतोय. म्हणाले, “आधी भिजाडी दख. वास उना तं परत कर.” गृहस्थ विचार करत गेले. आठवड्याने पेढे घेऊन आले. त्यांनी मुलाची नीट चौकशी केली होती आणि मुलगा संध्याकाळी सातनंतर वास येण्यासारखाच होता. तेव्हापासून आबांच्या वेड्यावाकड्या उत्तरांनाही गल्लीत मान आला. उत्तर जुळलं नाही तर लोक म्हणत, खोल आहे.

माझं चौथं वर्ष चालू असताना नगरपालिकेने गटार बांधून काढलं. वरून सिमेंटचे ढापे टाकले. वास गेला, डास गेले, पोरं त्यावर गोट्या खेळू लागली. सगळी गल्ली खूश होती. फळी मुकादमाने दुसऱ्या कामावर नेली आणि त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आबा तेवढे दुकानाच्या तोंडाशी बसून ढाप्यावर तळहात ठेवत होते, उचलत होते, जागा बदलून पुन्हा ठेवत होते. मला वाटलं, सिमेंट वाळलंय का बघताहेत.

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतले कापडवाले शेठ आपला जोडा न्यायला आले. शेठ मूळचे मारवाडचे, तीन पिढ्या धुळ्यात, मनाने मोकळे आणि आवाजाने त्याहून मोकळे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न जळगावला होतं. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी निघणार होतं. शेठना असा जोडा हवा होता की मांडवात पाय ठेवला की व्याह्यांना कळावं, मुलीचा बाप आला.

शेठ ढाप्यांवरून चालू लागले. मी नुकताच कचेरीतून आलो होतो आणि आबांच्या समोरच उभा होतो. उजवा पाय पडला, कर्र. डावा पडला, काही नाही. पुन्हा उजवा, कर्र. पुन्हा डावा, काही नाही. वाळायच्या आत शिवला गेला असेल, बी ओल्या चामड्यात रुतून बसलं असेल, काय ते मला ठाऊक नाही. एवढं खरं, की एक पाय बोलत होता आणि दुसरा मुका होता. अक्काची भजी कढईत करपायला लागली तरी ती उचलेना. सायकलच्या दुकानातला पंप थांबला. सगळ्यांना दिसत होतं की आबांचा तळहात सिमेंटवर आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि सिमेंट फळीसारखं थरथरत नसल्याने त्या हाताला काहीही कळत नाहीये.

सातवी फेरी झाली. आबांनी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे निकाल नव्हता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं, आबा मागणारे नव्हतेच. पण मला माझे डोळे आवरले नाहीत. ते जाऊन शेठच्या डाव्या पायावर बसले. आबांनी माझे डोळे कुठे गेले ते पाहिलं.

तेवढ्यात शेठ म्हणाले, “आबा, उजवा तो बोलतोय. डाव्याला काय झालं?”

“त्याले काय व्हवानं?” आबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, थोडा वैतागलेला. “डावा मुका ठेवेल शे.”

शेठ गोंधळले. मुका कशाला, म्हणून विचारू लागले. आबांनी त्यांना हाताने जवळ बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं, आणि लहान पोराला समजावं तसं सांगितलं.

“तू पोरीना बाप शे. व्याही उनात का उजवा पाय पुढे टाक, तो बोलस. पोर सासरले निंघनी का डावा टाक. त्या टाइमले बापनी काय बोलानं?”

सगळ्या बाजारात ज्यांचा आवाज घुमायचा ते शेठ आबांच्या शेजारी ढाप्यावर बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. मग उठले, वाकून आबांच्या पायांना हात लावला आणि एक पाय बोलता, एक पाय गप्प ठेवत निघून गेले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. अक्काच्याही आलं, पण तिने ते कढईच्या धुरावर ढकललं.

ही थाप होती, हे मला माहीत होतं, अक्काला माहीत होतं, सायकलवाल्याला माहीत होतं. पण थापेचं नशीब पाहा. शेठनी ती लग्नात शंभर जणांना सांगितली. दोन महिन्यांत जळगावहून माणसं यायला लागली. त्यांना ‘पोरीच्या बापाचा जोडा’ हवा होता, उजवा बोलता आणि डावा मुका. काही जण तर सांगत, की ही चाल फार जुनी आहे, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनची. आबा मान डोलावून म्हणत, शे, शे, जुनीच शे. आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करत.

त्या दिवसापासून मी आबांची फळी झालो. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. कचेरीतून आलो की मी चहाचा पेला घेऊन दुकानासमोर उभा राहायचो. गिऱ्हाईक चालायचं, आबांचा हात रीतसर ढाप्यावर असायचा, पण डोळे आता मिटलेले नसत. ते माझ्या तोंडावर असत. वाजलं की माझी भुवई हलायची, खरखरलं की नाक मुरडलं जायचं. निकाल आबाच सांगायचे, तोही पूर्वीच्याच तोऱ्यात. एकदा मी सर्दीने शिंकलो आणि एका तलाठ्याचा चांगला जोडा उसवला गेला. तलाठ्यांनी कुरकुर केली, तेव्हा आबांनी त्यांना सुनावलं की कान कुणाचा, तुमचा की माझा.

मग माझी बदली जळगावला झाली. निघायच्या दिवशी सकाळी सामान रिक्षात चढवून मी आबांकडे गेलो. त्यांनी माझ्यासाठी नवा जोडा शिवून ठेवला होता. तेल पाजलेला, वादीचे टाके मोजून घ्यावेत असे. घाल म्हणाले, चाल म्हणाले. सगळी गल्ली निरोप द्यायला उभी होती. मी ढाप्यांवरून चालू लागलो.

उजवा बोलला नाही. डावाही बोलला नाही. मी जोर देऊन पाऊल टाकलं, टाच दाबली, चवडा दाबला. दोन्ही मुके. मी जाणार म्हणून म्हाताऱ्याला काही सुचलं नसावं, आणि आता कुणाच्या तोंडाकडे बघून हा धंदा करणार, या विचाराने मला कसंतरीच झालं. पण मी फिरलो तोवर चेहरा नीट केला होता. चार वर्षांत शिकलेलं सगळं अवसान गोळा करून मी भुवया उंचावल्या, हसलो, आणि सावकाश, ओठ दिसतील असं म्हणालो, “आबा, फार छान बोलतात.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

“इतला दिवस मी तुनं तोंड दखीसन जोडा विकात,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा ते खोटं बोलनं.”

माझ्या मागे अक्का उभी होती. तिने हे ऐकलं होतं, आणि गल्लीत कधी न बोललेली गोष्ट आबांनी स्वतःच्या तोंडाने जवळजवळ बोलून टाकली होती.

“दोन्ही मुका शेतस,” आबा म्हणाले. “मीच ठेवात. तू तरी कोठे कोनले बोलना?”

मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. पाठीमागून दिलेल्या त्या तीन शिव्यांचंही सांगायचं होतं. पण ओठ थरथरायला लागले, आणि थरथरते ओठ आबांना वाचता येत नसत हे मला माहीत होतं. म्हणून मी सगळा जीव एकवटला आणि छातीच्या तळातून ओरडलो, “आबा, येतो मी!”

गल्ली जागच्या जागी थिजली. इतक्या वर्षांत त्या दुकानासमोर कुणी असा आवाज काढला नव्हता. अक्काने कपाळाला हात लावला. आबांनी माझ्या मानेच्या फुगलेल्या शिरांकडे पाहिलं, मग वळून बघणाऱ्या एकेका तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, कमालीच्या वैतागाने म्हणाले,

“वरडस काबर? मी काय बहिरा शे?”